३ चॅनेलचं रिमोटवरचं ट्रेनर विमान: थ्रॉटल दिला की नाक वर, हातातून सोडलं की डावीकडे. ४एस (चार सेलची) बॅटरी लावू का?

धायरीचा_शिकाऊ

नमस्कार मंडळी. आधी विमानाची माहिती देतो. ईपीओ फोमचं, पंख वर असलेलं ट्रेनर. पंखांची लांबी ११०० मिमी, रुंदी १८० मिमी, बॅटरीसकट वजन ७८० ग्रॅम. चॅनेल तीनच: थ्रॉटल (मोटरचा जोर), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पाती, नाक वर-खाली करणारी), रडर (शेपटीची उभी पाती, नाक डावं-उजवं करणारी). मोटर २२१२ साइझची, १००० केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे). प्रॉप (पुढचा पंखा) १०×४.५ इंची, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअरचा, बॅटरी ३एस २२०० एमएएच. रेडिओ (हातातला रिमोट) फ्लायस्काय एफएस-आय६, मोड २.

अडचणी अशा:
१. फुल थ्रॉटलवर हातातून सोडलं की विमान डावीकडे वळत खाली बसतं.
२. हवेत थ्रॉटल वाढवला की नाक सरळ वर जातं, कमी केला की खाली. एलिव्हेटरचा ट्रिम (काठी मध्यावर असतानाची पातीची बैठक) आठ क्लिक वर ठेवावा लागतो.
३. वळणात कधीकधी गोल फिरत खालीच येतं, एलिव्हेटर ओढूनही उठत नाही.

ताकद कमी पडतेय असं वाटतं, म्हणून ४एस बॅटरी आणि १४०० केव्हीची मोटर लावायचा विचार आहे. पुढे एलेरॉनही (पंखांच्या मागच्या कडेची हलती पाती) करायचे आहेत. आधी काय करू? आणि सिंहगड रोडच्या बाजूला उडवायला जागा कुठली बरी?

---

फोमकाम

तिन्ही अडचणींत ताकद कमी असल्याची एकही खूण नाही. मोटर वाढवलीत तर पहिल्या दोन वाढतील. पैसे तूर्त खिशात ठेवा, पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या.

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करा, कारण बाकीचं तिच्यावर उभं आहे. तुमच्या पंखाला गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून रुंदीच्या २८ ते ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे ५० ते ५४ मिमीवर. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या अंतरावर पेनाने खूण करा, बॅटरी लावून विमान दोन बोटांवर तोला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे, जास्त नाही. आठ क्लिक वर ट्रिम लागतोय म्हणजे माझ्या मते नाक जड आहे. नाक जड असलं की ते उचलून धरायला एलिव्हेटर कायम वर ठेवावा लागतो. वेग वाढला की तोच वर असलेला एलिव्हेटर जास्त जोर लावतो आणि विमान चढतं, वेग उतरला की नाक पडतं. लोक याला मोटरचा दोष समजतात.

गुरुत्वमध्य जागेवर आणून ट्रिम शून्याच्या आसपास आला, तरीही थ्रॉटलवर नाक उठत असेल तरच मोटरचा कोन बदला. मोटर माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंमागे वॉशर घातले की मोटर खाली झुकते. स्क्रूंमधलं अंतर २५ मिमी असेल तर १ मिमीचा वॉशर सव्वादोन अंशांच्या आसपास कोन देतो. ट्रेनरला सुरुवातीला तेवढा पुरतो.

डावीकडे ओढण्याचं कारण मोटरचा पीळ. मागून बघताना प्रॉप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून विमान उलट, डावीकडे कलतं. हातातून सुटताना वेग इतका कमी असतो की रडरला पकडायला हवाच मिळत नाही. उपाय तीन आहेत. मोटर दीड-दोन अंश उजवीकडे वळवा, म्हणजे मागून बघताना डाव्या बाजूच्या स्क्रूंमागे वॉशर घाला. थ्रॉटल फुल न देता पाऊण द्या. आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर, पंख समतल ठेवून, क्षितिजाच्या दिशेने सरळ ढकला. वर फेकलं की पहिल्याच सेकंदाला स्टॉल, म्हणजे वेग मरून पंखांची उचल तुटते. सोडताना खांदा फिरला तर उजव्या हाताने सोडलेलं विमान तसंही डावीकडेच जातं, तेव्हा हात सरळ पुढे जाऊ द्या.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. शेपटीकडून बघत दोन्ही पंख सारखे आहेत ना, एकाची मागची कड पिळलेली नाही ना? ईपीओ उन्हात किंवा गाडीत राहिला की पिळतो. गरम पाण्याच्या वाफेवर धरून हाताने सरळ होतो, थंड होईपर्यंत दाबून ठेवा. दुसरं, प्रॉपवरचे आकडे उडायच्या दिशेला, पुढे तोंड करून आहेत ना? उलटा लावलेला प्रॉप फिरतो, वारा मागेच फेकतो, पण जोर बराच कमी होतो. मग माणूस नवीन मोटर आणतो.

तिसऱ्या अडचणीबद्दल. रडर धरून ठेवला की विमान कलत जातं आणि त्याचं गोल घसरणं होतं. अशा वेळी एलिव्हेटर ओढला की फेरा आणखी आवळतो, कारण पंख उभे झालेले असतात आणि ओढ वर न जाता आत जाते. क्रम लक्षात ठेवा: थ्रॉटल बंद, रडर मधोमध किंवा थोडा उलटा, पंख सपाट झाले की मगच एलिव्हेटर हळूच ओढा. वळताना रडर थोडा द्या, कलायला लागलं की काठी सोडा. वर झुकलेले पंख विमान आपोआप सरळ करतात. हे सगळं ४० ते ५० मीटर उंचीवर, थ्रॉटल निम्मा ठेवून करा.

एलिव्हेटरचा प्रवास वरखाली प्रत्येकी १० मिमी, रडरचा दोन्ही बाजूंना २० मिमी पुरे. एक्स्पो (काठीच्या मध्याजवळ पात्यांची हालचाल मंद करणारी सेटिंग) ३० टक्के ठेवा. त्याच्या अधिक-उणे चिन्हाची दिशा रेडिओनुसार बदलते, म्हणून स्क्रीनवरची रेघ मध्यात सपाट होतेय ना ते पाहूनच ठरवा.

---

वॅटमीटर

फोमकाम यांनी सांगितलं तेच आधी. मी ४एसचा हिशोब देतो.

प्रॉप तोच ठेवून व्होल्टेज ३एसवरून ४एस केलं की फेरे साधारण ४/३ पट होतात. प्रॉपला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास २.४ पट. त्यामुळे करंट १.८ पटीच्या आसपास जातो. १०×४.५ प्रॉप या मोटरवर ३एसला जमिनीवर १५-१६ अँपिअर ओढतो. ४एसला तोच २८ च्या घरात जाईल. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच २२१२ मोटरींच्या कागदावर १२ अँपिअर, ६० सेकंद असं लिहिलेलं असतं. म्हणजे ३एसवरसुद्धा तुमचा प्रॉप मर्यादेबाहेर आहे. वाइंडिंगचा वार्निश जळतो, चुंबक तापून कमजोर होतात, आणि मग खरोखरच ताकद कमी होते. १४०० केव्हीची मोटर ३एसवर याच प्रॉपने याहून लवकर जळेल.

शिवाय ईएससीच्या आतला ५ व्होल्टचा बीईसी, म्हणजे रिसिव्हरला (विमानातल्या रेडिओला) आणि सर्व्होंना (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज देणारा भाग. तो लिनियर प्रकारचा असेल तर जास्तीचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. सर्व्होंनी १ अँपिअर घेतला तर ३एसवर ६ वॅट, ४एसवर जवळपास १० वॅट. तापून तो बंद पडला की रिसिव्हर बंद, आणि हवेतलं विमान कुणाचंच राहत नाही. बऱ्याच ३० अँपिअर ईएससींना ४एस चालतही नाही, कव्हरवर ‘२-३एस’ लिहिलंय का पाहा.

करायचं ते एवढंच: प्रॉप ९×४.५ करा, इलेक्ट्रिक वर्गाचा. १०×४.५ मधले पुष्कळसे प्रॉप स्लो-फ्लाय जातीचे, म्हणजे हळू फिरवायचे असतात. त्या जातीसाठी एपीसी कंपनी फेऱ्यांची मर्यादा ६५,००० भागिले इंचातला व्यास अशी देते, म्हणजे १० इंचाला मिनिटाला ६५००. तुमची मोटर ३एसवर ती ओलांडते. ९ इंचाने करंट ११ अँपिअरच्या आसपास येईल, म्हणजे सव्वाशे वॅट. ७८० ग्रॅमला दर किलोमागे १६० वॅट होतात, ट्रेनरला भरपूर. पीळही कमी, म्हणजे डावीकडची ओढ आपोआप थोडी घटेल.

मोजायचं असेल तर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर जोडा, दुसऱ्या माणसाला विमान मागून घट्ट धरायला लावा, पूर्ण चार्ज बॅटरीवर दहा सेकंद फुल थ्रॉटल. प्रॉपच्या बाजूला, त्याच्या पात्यांच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

---

हवेली_पूर्व

जागेबद्दल. सिंहगड रोडवरून खडकवासल्याकडे जायचा मोह होतो, पण तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तो भाग सोडा. पाषाणकडे संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, लोहगावला हवाई दलाचा तळ, हडपसरला ग्लायडिंग सेंटर. तळजाई आणि वेताळ टेकडीवर सकाळी माणसंच माणसं असतात, ७८० ग्रॅमचं विमान तिथे नकोच.

जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडून जागा लाल (बंदी), पिवळी (परवानगी लागते) की हिरवी (मोकळी) ते बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान ‘मायक्रो’ गटात येतं. हौसेसाठी उडवायला त्यात पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण जागेची बंधनं सुटत नाहीत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांचीच आहे. पोलीस आयुक्तालयाचे तात्पुरते मनाई आदेशही निघतात, सणावाराला आणि मोठ्या दौऱ्यांच्या वेळी विशेषतः. तेही बघून घ्या.

सासवड किंवा शिरूरच्या बाजूला पीक निघालेलं रान, मालकाची परवानगी घेऊन, हे सगळ्यात बरं. १५० × १०० मीटर मोकळं हवं, विजेच्या तारा नकोत. शेजारी उभा ऊस असेल तर जागा बदला. उसात पडलेलं विमान दहा फुटांवरून दिसत नाही. पडलंच तर थ्रॉटल लगेच शून्यावर आणा, अडकलेल्या प्रॉपवर थ्रॉटल राहिला की ईएससी जळतो. मग आत शिरून रडरची काठी हलवत सर्व्होच्या आवाजावर शोधा.

वेळ उजाडल्यापासून नऊपर्यंत. नंतर जमीन तापून हवा उसळायला लागते, मार्च ते मे तर फारच. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दिवसभर हटत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे नकोच.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. ३८ अंश तापमानाला इथली हवा प्रमाणित हवेपेक्षा १३ टक्के विरळ असते, त्यामुळे स्टॉलचा वेग सुमारे ७ टक्के वाढतो. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना हवा जेमतेम ५ टक्के विरळ. शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हे नुसतं वाऱ्यामुळे नाही.

---

धायरीचा_शिकाऊ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं: गुरुत्वमध्य ४२ मिमीवर आहे! बॅटरी १८० ग्रॅमची, नाकाला टेकवून बसवलेली. किती मागे घेऊ? प्रॉपवरचे आकडे पुढेच आहेत.

अजून दोन शंका. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, त्याला काय करायचं? आणि एलेरॉनचं कुणी सांगेल का?

---

फोमकाम

४२ वरून ५२, म्हणजे १० मिमी. ७८० गुणिले १० भागिले १८०, बॅटरी ४३ मिमी मागे. नाक आणि बॅटरीच्या मध्ये फोमचा ठोकळा घाला म्हणजे आपटल्यावर ती पुढे सरकणार नाही, आणि वेल्क्रोचा पट्टा आवळा. पहिल्या उड्डाणाला ३० मिमीच सरकवा, म्हणजे मध्य ४९ च्या आसपास येईल. ट्रिम शून्यावर आणून उडवा, मग उरलेलं सरकवा. एलिव्हेटर आता जास्त चपळ वाटेल, ते बरोबर आहे.

विमान तोंडावर येत असताना ज्या बाजूचा पंख खाली दिसतो, त्या बाजूला काठी ढकला. विचार करायला वेळ न लागेपर्यंत हे सिम्युलेटरवर घोटा. पिकासिम चालेल, एफएस-आय६ ला यूएसबी केबल लागते. मैदानात वळण नेहमी स्वतःपासून दूर घ्या, म्हणजे तोंडावर येण्याचा काळ छोटा राहतो. डावी आणि उजवी वळणं सारखी घोटा. एकाच बाजूला वळायची सवय लागली की उतरताना वारा उलटा असला तर पंचाईत होते.

उतरताना वाऱ्याच्या तोंडावर, पाव थ्रॉटल. विमान मैदानापर्यंत पोचत नाहीसं वाटलं तर थोडा थ्रॉटल द्या. एलिव्हेटर ओढून लांब न्यायला जाऊ नका, वेग मरतो आणि एक पंख खाली पडतो.

---

बाल्सा_पाती

एलेरॉन आत्ता नकोत, पण करताना हे लक्षात ठेवा. पंख वर झुकलेले असले की एलेरॉन मंद चालतात, विमान सतत स्वतःला सरळ करत राहतं. झुकाव प्रत्येक बाजूला २-३ अंशांवर आणावा लागतो, म्हणजे मधला जोड कापून नवा करायचा. आत ६ मिमीची कार्बन नळी निदान ६०० मिमी लांब हवी, नाहीतर फुल एलिव्हेटरला पंख मध्येच मुडपेल. त्यापेक्षा जुना पंख तसाच ठेवून दुसरा पंख करणं शहाणपणाचं. जुना शिकायला राहतो.

एलेरॉन पंखाच्या बाहेरच्या निम्म्या भागात, रुंदी ४० मिमी. प्रत्येकी एक ९ ग्रॅमचा सर्व्हो, दोन वेगळ्या चॅनेलवर. वर १० मिमी, खाली ५ ते ६ मिमीच. खाली गेलेला एलेरॉन हवा जास्त अडवतो आणि नाक वळणाच्या उलट्या दिशेला ओढतो, म्हणून हा फरक. बिजागरी फोम न कापता, अर्धा चिरून वरून फायबर टेप. गोंदाबाबत: फेविक्विक ईपीओला चालतं, थर्माकोलला खातं. हॉट ग्लू कमीत कमी वापरा, शेपटीला तर नकोच. तिथल्या दर ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात.

---

वॅटमीटर

बॅटरीचं राहिलं. चार्ज २.२ अँपिअरने, बॅलन्स कनेक्टर (सगळे सेल सारखे भरणारी जोडणी) लावूनच. टायमर आठ मिनिटांवर ठेवा. उतरल्यावर पाच मिनिटांनी दर सेल ३.७ व्होल्टच्या खाली दिसला तर टायमर कमी करा, ३.८५ दिसला तर एक मिनिट वाढवा. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा, पूर्ण चार्ज ठेवलेली फुगते. ईएससीने मोटर मध्येच बंद केली तर घाबरू नका, सर्व्हो चालू असतात. नाक किंचित खाली ठेवून समोर दिसेल त्या मोकळ्या जागी उतरवा, वळून परत यायला जाऊ नका.

फेलसेफ (सिग्नल तुटला की आपोआप लागू होणारी सेटिंग) थ्रॉटल शून्यावर सेट केला आहे ना? प्रॉप काढून रेडिओ बंद करून बघा, मोटर थांबली पाहिजे.