अनुभव धागा: चिनी घरांत, गल्ल्यांत, बागांत भेटलेली त्यांची जुनी संस्कृती

शेवंती (हांगझौ)

चीनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बरंचसं सीमेबद्दल, व्यापाराबद्दल नाहीतर स्वस्त मालाबद्दल असतं. तिथली माणसं घरात काय जपतात, सण कसे करतात, आजी नातवंडांना काय शिकवते, हे फारसं कुणी लिहीत नाही. आपल्यातले कितीतरी जण शिक्षण, नोकरी, लग्न अशा निमित्ताने चीनमध्ये, सिंगापुरात, मलेशियात राहिले आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. संग्रहालयात पाहिलेलं नको. शेजारी, सहकारी, शिक्षक, सासरची माणसं यांच्यामुळे चिनी परंपरेतलं जे तुम्ही स्वतः अनुभवलंत, ते लिहा. राजकारणही इथे नको.

सुरुवात मी करते. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला कोजागिरी आणि इथला मध्यशरद सण एकाच रात्री आले. समोरच्या घरातल्या मावशींनी आम्हाला बोलावलं होतं. टेबलावर पोमेलो, उकडलेले शिंगाडे आणि मधोमध एकच मोठा मूनकेक, म्हणजे या सणाचा सारण भरलेला गोल केक. त्यांनी सुरी घेतली, बोटांवर माणसं मोजली आणि तेवढेच तुकडे केले. त्यात शेन्झेनला नोकरी करणारा मुलगाही धरलेला होता. त्याचा तुकडा वेगळ्या बशीत ठेवला, फोटो काढून वीचॅटवर त्याला पाठवला. लगेच त्याचा व्हिडिओ कॉल आला, त्याने पलीकडून "खाल्ला" म्हटल्यावर तो तुकडा नातीला मिळाला. हजर नसलेल्याचाही वाटा काढायचा ही जुनी रीत आहे, आणि मोबाइल आल्यावर त्यांनी ती सोडली नाही, मोबाइललाच तिच्यात बसवून घेतलं. मी केशरी दूध नेलं होतं. गरम आहे म्हटल्यावर मावशी खूश. इथे थंड पेय आग्रहाने कुणी देत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी: पारंपरिक मूनकेकच्या पारीत पुष्कळदा डुकराची चरबी असते, आत खारवलेल्या अंड्याचा बलकही. विचारून घ्या. बौद्ध मठांत मिळतात ते शाकाहारी.

पंचांगवाला (पुणे)

शेवंतीताई, दोन्ही सण एका रात्री आले त्यामागचं गणित सांगतो, कारण मला त्यातच चीन पहिल्यांदा जवळचा वाटला. मध्यशरद म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. एरवी ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेला पडते. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती आणि आपली कोजागिरी १६ ऑक्टोबरला. २०२५ मध्ये त्यांच्याकडे सहावा महिना अधिक आला, त्यामुळे पुढचे सगळे सण महिनाभर पुढे सरकले आणि कोजागिरीला येऊन मिळाले.

त्यांचाही महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं. ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही तो आपला अधिक मास. त्यांचाही नियम जवळजवळ हाच. १९ वर्षांत ७ अधिक मास, हेही सारखं. फरक एवढाच की आपण संक्रांत निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने) धरतो आणि ते सायन (ऋतूंच्या संदर्भाने), म्हणून सूर्याचे टप्पे त्यांच्याकडे तीनेक आठवडे आधी येतात आणि अधिक मास वेगवेगळ्या वेळी पडतात. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये येतो. सूर्याच्या वाटचालीचे त्यांनी २४ भाग केलेत, त्यांचा युनेस्कोच्या यादीत २०१६ साली समावेश झाला. माझे एक चिनी सहकारी आहेत, शांघायमध्ये वाढलेले. शेताशी त्यांचा काही संबंध नाही, पण त्यांच्या फोनवर हे २४ भाग दिसतात आणि आज अमुक भाग लागला, आज अमुक खायचं, हे ते न चुकता पाळतात.

ओवी (सिंगापूर)

माझा अनुभव बाळंतपणाचा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी इथेच झाली. त्याच सुमारास शेजारच्या चिनी घरातही बाळ आलं. त्यांच्याकडे महिनाभरासाठी मलेशियाहून एक बाई राहायला आल्या. बाळंतिणीचं जेवण, बाळाची अंघोळ, रात्रीची जागरणं, सगळं त्यांच्याकडे. इथे त्यांना कन्फाइनमेंट नॅनी म्हणतात, आणि चांगली बाई हवी तर दिवस राहिल्यावर लगेच नाव नोंदवावं लागतं. चिनी रीतीने बाळंतिणीने महिनाभर घरात बसायचं: वारा लागू द्यायचा नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, केस धुवायचे नाहीत, पायात मोजे, डोक्याला टोपी.

माझ्याकडे आई आली होती, डिंक, अळीव, खारीक, सुंठ आणि शेकशेगडीचं सामान घेऊन. विमानतळावर सामान तपासताना ओव्याच्या धुरीबद्दल तिने काय सांगितलं असेल देव जाणे. एका दुपारी शेजारच्या नॅनीबाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आईला मराठी आणि मोडकं हिंदी, त्यांना कँटनीज आणि थोडं इंग्रजी. मी बाळाला घेऊन दारात बसले होते. त्यांनी सुंठेची बरणी उघडली, वास घेतला आणि मान डोलावली. मग घरी जाऊन वाळवलेलं आलं, तिळाचं तेल आणि लाल बोरं घेऊन आल्या. ही बोरं खजुरासारखी दिसतात, पण चव वेगळी, हलकी. ती लोंगान या लिचीसारख्या फळाच्या सुक्या गरासोबत उकळून बाळंतिणीला दिवसभर पाण्याऐवजी तेच देतात. आईने एक बोर चाखलं, बी काढून नीट पाहिली आणि त्यांच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. दूध येण्यासाठी त्या कच्ची पपई घालून माशाचं सूप करतात, हे आईला खुणांनीच कळलं. पपई म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, कारण आपल्याकडे गरोदरपणी ती वर्ज्य. बाळंत झाल्यावर चालते, हे पटवायला मला मध्ये पडावं लागलं.

शेजारीण माझ्याच वयाची, बँकेत कामाला. तिने सरळ सांगितलं, की केस मी धुणार, एसी लावणार, पण सूप आणि विश्रांती सोडणार नाही. नॅनीबाईंनी फार ताणलं नाही. केस धुवायला आल्याची सालं घालून उकळलेलं पाणी करून दिलं आणि लगेच वाळवायला लावले. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. बंद खोलीत, भर उन्हाळ्यात, जाड कपड्यांत बाळंतिणीला ठेवलं तर उष्माघात होऊ शकतो, हे डॉक्टर सांगतात ते खरंच आहे. पण पहिला महिना आईला कुणीतरी आयतं गरम ताट हातात द्यायचं, यातलं काय जुनाट आहे? चीनच्या मोठ्या शहरांत आता यासाठी हॉटेलसारखी केंद्रं निघाली आहेत, आणि ती बरीच महाग असतात.

महिना भरल्यावर त्यांच्याकडून लाल रंगवलेली अंडी आणि कासवाच्या आकाराचे लाल पिठाचे केक आले. आत गोड मुगाचं सारण. आई म्हणाली, "हे तर पुरणच." त्याच डब्यातून आम्ही अळिवाचे लाडू परत पाठवले, रिकामा डबा द्यायचा नसतो हे आईने मला परदेशातही सोडू दिलं नाही.

चहाबाज (ठाणे)

कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची. आभार मानण्याची ही पद्धत दक्षिण चीनमध्ये रोज दिसते. छ्येनलाँग बादशहा वेष पालटून फिरत होता, त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटं वाकवली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टच आहे ती, पण ग्वांगझौमध्ये मी टकटक केल्यावर समोरच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा चेहरा खुलला, आणि मग किमतीची बोलणी बाजूला ठेवून आम्ही तासभर चहाच पीत बसलो.

निळीशाई (बीजिंग)

इथल्या स्वर्गमंदिराच्या बागेत सकाळी निवृत्त माणसं हातभर लांब ब्रश घेऊन येतात. टोकाला स्पंज, बादलीत साधं पाणी. फरशीवर अक्षरं काढत मागे मागे सरकतात. उन्हाळ्यात पहिली ओळ वाळते तोवर तिसरी लिहून होते.

माझ्या ऑफिसातली तरुण मुलगी मात्र हाताने लिहिताना मध्येच थांबते, फोन काढते, उच्चार टाइप करते आणि अक्षर पाहून उतरवते. तिच्या पिढीत हे सर्रास आहे, कारण टाइप करताना उच्चार आठवला की पुरतं, रेघा आठवाव्या लागत नाहीत. तिला याचं वाईट वाटतं. म्हणून ती शनिवारी सुलेखनाच्या वर्गाला जाऊ लागली आणि मलाही घेऊन गेली.

वर्गात बहुतेक शाळकरी मुलं. गुरुजी आधी शाई घोटायला लावतात. दगडावर चमचाभर पाणी, शाईची कांडी उभी धरून सावकाश गोल गोल. घाई केली तर शाई खरखरीत होते आणि कागदावर कडेला पाणी फुटतं. ब्रश सरळ उभा, मनगट टेबलाला टेकलेलं नाही. सगळ्यांना सुरुवातीला एकच अक्षर देतात, 'कायम' अशा अर्थाचं, कारण त्या एका अक्षरात आठही मूळ फटकारे येतात. रेघ सुरू करताना टोक आधी उलट्या दिशेला दाबायचं, मग वळवून पुढे न्यायचं, म्हणजे सुरुवात टोकदार दिसत नाही. वडिलांनी मला लहानपणी बोरूने अक्षर घोटायला लावलं होतं. त्या बोरूचा तिरका काप आणि हा मऊ ब्रश पूर्ण वेगळे, पण श्वास रोखून रेघ ओढणं तेच. गुरुजी चुकलेलं अक्षर कधी खोडत नाहीत. शेजारी लाल शाईने स्वतः एक काढून देतात आणि पुढच्या मुलाकडे जातात.

वैद्यबुवा (नाशिक)

मी एमबीबीएस चीनमध्ये केलं. पारंपरिक चिनी वैद्यकाचा विषय होता. जीभ पाहणं, नाडी, सुया, कपिंग (त्वचेवर पेले चिकटवणं), सगळं शिकवलं. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटली ती थू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंची हकीकत. १९६७ साली मलेरियावर औषध शोधण्याचा प्रकल्प सुरू झाला. थू यूयूंच्या गटाने जुने ग्रंथ चाळले. दवण्याच्या जातीतल्या छिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी नाही. चौथ्या शतकातल्या ग हाँग या वैद्याने लिहून ठेवलं होतं, की ती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं त्यात नव्हतं. तिथून त्यांना सुचलं की उष्णतेने औषधी गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये अर्क लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध मिळालं आणि २०१५ साली थू यूयूंना नोबेल.

आमचे प्राध्यापक हे शिकवताना दुसरी बाजूही तितक्याच आवर्जून सांगत: काही जुन्या औषधांतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. परंपरेचा मान राखायचा तर तिची परीक्षा घ्यायला हवी, हे मी तिथे शिकलो. आयुर्वेदाबद्दलही माझं हेच मत आहे आणि घरी त्यावरून वाद होतात.

सोलापूरकर

कामानिमित्त शिजियाझुआंगला होतो. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, हे शाळेपासून माहीत. त्यांची समाधी याच शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे.

छिंगमिंगला, म्हणजे ४-५ एप्रिलला, चिनी माणसं पूर्वजांच्या कबरी झाडायला जातात. २००८ पासून त्याची सरकारी सुट्टी आहे. त्या दिवशी मी समाधीपाशी गेलो तर नर्सिंगच्या मुली ओल्या फडक्याने दगड पुसत होत्या. कोरलेल्या अक्षरांत अडकलेली धूळ एकीने बोटाला कापड गुंडाळून काढली. मग पांढरी शेवंती ठेवून सगळ्यांनी वाकून वंदन केलं. कोटणीसांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय त्या शहरात आहे. मी सोलापूरचा आहे कळल्यावर त्यांच्या शिक्षिका बराच वेळ माझा हात सोडेनात.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने त्याच्या गावी नेलं. गव्हाच्या शेतात मातीचे उंचवटे, त्याच कबरी. त्याने तण उपटलं, फावड्याने ताजी माती चढवली, फळं मांडली, दारू ओतली आणि एक सिगारेट पेटवून मातीत खोचली. आजोबांना आवडायची म्हणून. आपण पानात नेमकी गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी वाढतो, ते आठवलं. त्याचा मुलगा सातवीत असेल. त्याला खापरपणजोबांपर्यंत नावं म्हणून दाखवायला लावली. एका नावावर तो अडला, तेव्हा तिथेच उभं राहून पुन्हा पाठ करून घेतलं.

शेवंती

सोलापूरकर, तुमचं दोनदा वाचलं. असंच हवं होतं. मुंबईकरांपैकी अजून कुणी लिहिलं नाही. आपल्याकडेही चिनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत ना?

माझगावकर

आहेत, पण फार थोडी उरली. माझगावात १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, सी यिप कून नावाचं. ग्वांगडाँगहून आलेल्या लोकांनी ते बांधलं. आत गुआन कुंग, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला गुआन यू हा सेनापती. शब्दाला जागणारा म्हणून त्याचा देव झाला, म्हणून व्यापारीही त्याला भजतात. लाल खांब, उदबत्तीने काळवंडलेलं छत, आणि कौल घ्यायला बांबूच्या काड्यांचा डबा. तो हलवत राहायचा, एक काडी बाहेर पडते, तिच्या क्रमांकाचं भाकीत वाचायचं.

माझ्या वडिलांचे दातांचे डॉक्टर चिनी वंशाचे होते, जन्म मुंबईचा, मराठी अस्खलित. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यातली बरीच माणसं पुढे देश सोडून गेली. डॉक्टर गेले नाहीत, पण सण दारं लावून करू लागले, असं वडील सांगत. त्यांच्या मुलींना चिनी लिहिता येत नाही, आणि याला जबाबदार आपणही आहोत. म्हणून नव्या वर्षाला त्या देवळात जाऊन शुभेच्छा द्यायला मला महत्त्व वाटतं.

ओवी

माझगावकर, फेब्रुवारीत आई मुंबईत असेल. तिला न्यायचं आहे. कधी जावं, आणि बाहेरच्यांना चालतं का?

माझगावकर

जरूर न्या. नवं वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला, मंगळवारी आहे, घोड्याचं वर्ष. आदल्या रात्रीपासूनच माणसं येतात, चिनी कमी आणि आपलेच जास्त. जागा लहान आहे, म्हणून सकाळी लवकर जा. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. संत्री न्यायची तर जोडीने न्या. आणि आईंना सांगा, डिंकाचे लाडू आणले तर मी दारातच उभा असेन.