होडोरचा जीव नेमका कोणी घेतला? ‘द डोअर’ पाहून पेटलेला वाद

माळढोक
‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या सीझनचा पाचवा भाग, ‘द डोअर’, काल आमच्या ग्रुपने पुन्हा एकदा पाहिला. नंतर सात रस्त्यावर चहाच्या गाडीवर जे भांडण झालं ते तिथं मिटलं नाही, म्हणून इथे धागा काढतोय. ज्यांना अजून बघायचंय त्यांनी पुढे वाचू नका.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मे २०१६ मध्ये आलेला हा भाग म्हणजे टीव्हीवर मी पाहिलेला सगळ्यात प्रामाणिक काळप्रवास आहे. आणि होडोरच्या मरणाला ब्रान जबाबदार आहे. पहिलं मान्य केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

विसरलेल्यांसाठी कथा थोडक्यात. ब्रान हा पाय गेलेला मुलगा, त्याला पाठीवर घेऊन फिरणारा धिप्पाड होडोर. पहिल्या सीझनपासून होडोरच्या तोंडात ‘होडोर’ सोडून दुसरा शब्द नाही. ब्रानला भूतकाळ बघता येतो आणि परकायाप्रवेशही येतो. गुहेवर मृतांची फौज चालून येते तेव्हा ब्रानचं मन तीन डोळ्यांचा कावळा, म्हणजे गुहेतला त्याचा म्हातारा गुरू, याच्याबरोबर जुन्या काळातल्या विंटरफेलच्या, म्हणजे घराण्याच्या किल्ल्याच्या, अंगणात असतं. समोर लहानपणचा होडोर, म्हणजे विलिस, चांगला बोलता-चालता पोरगा. इकडे गुहेत ब्रानची मैत्रीण मीरा ओरडते, होडोरच्या अंगात शिर. ब्रान भूतकाळात उभ्या उभ्याच शिरतो. होडोर मागचं दार पाठीने दाबून धरतो, मीरा ब्रानला ओढत नेते आणि ‘होल्ड द डोअर’ ओरडत राहते. ती हाक तिकडे विलिसच्या डोक्यात घुसते. त्याचे डोळे पांढरे होतात, झटके येतात, आणि तेच शब्द पुटपुटत पुटपुटत तो ‘होडोर’वर येऊन थांबतो, ते कायमचंच.

काळप्रवासाच्या बहुतेक कथांत नायक मागे जातो आणि चूक दुरुस्त करून येतो. इथे काहीही बदललं नाही. जे झालं ते आधीपासून झालेलंच होतं, पाच सीझन आपल्या डोळ्यांसमोर पायऱ्या चढत होतं. म्हणून तो धक्का फसवणूक वाटत नाही.

आता ब्रान. चौथ्या सीझनच्या पाचव्या भागात तो होडोरच्या अंगात शिरतो आणि त्याच्या हातांनी लॉक नावाच्या शत्रूला मारतो. भानावर आल्यावर होडोर स्वतःच्या हातांकडे बघतो, ती नजर आठवा. त्याला कोणी विचारलं होतं? मूळ कादंबरीमालिकेच्या पाचव्या खंडाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की दुसऱ्या माणसाच्या शरीरात घुसणं हे त्या लोकांत सगळ्यात मोठं पाप मानतात. ब्रानने ते पुन्हा पुन्हा केलं.

कडकभाकरी
माळढोक दादा, काय बोलूलालाव तुम्ही? त्या पोराला कशाला धरूलालाव? घरदार गेलेलं, पाय गेलेले, गुहेत मुडदे शिरलेत, मैत्रीण जीव तोडून ओरडूलालीय. अशा वेळी तुम्ही परवानगीचा कागद मागितला असता का?

धरायचं तर त्या म्हाताऱ्या कावळ्याला धरा. तिसऱ्या भागात तोच ब्रानला सांगतो की भूतकाळ लिहून झालाय, शाई वाळलीय. म्हणजे त्याला नियम पक्का माहिती. मग शेवटच्या घटकेला ब्रानला घेऊन जायला त्याला अख्ख्या इतिहासात तेच अंगण का सापडलं, जिथं विलिस उभा आहे? ब्रान तयार नाही हेही तो स्वतःच कबूल करतो. आणि मीराचा आवाज आल्यावर ‘मैत्रिणीचं ऐक’ असं म्हणणारा कोण? तोच. पोराच्या हातून करवून घेतलं त्यानं सगळं.

अपूर्णांक
शिकवणीत अकरावी-बारावीची मुलं हाच प्रश्न विचारतात, म्हणून पदार्थविज्ञानाच्या बाजूने लिहितो.

मागे जाऊन काही बदललं तर घोळ होतो, हे सगळ्यांना माहीत आहे: आजोबांना मारलं तर नातू कुठून येणार? पण काळाचा रस्ता वळून स्वतःलाच मिळणं गणितात बसतं. १९४९ मध्ये कुर्ट ग्योडेलने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तसं एक विश्व मांडून दाखवलं होतं. पुढे रशियाच्या इगोर नोव्हिकोव्हने मांडलेलं तत्त्व असं: असा रस्ता असलाच, तर त्यावर स्वतःशी विसंगत घटना घडूच शकत नाही. तुम्ही मागे जाल, पण जे कराल ते आधीच इतिहासाचा भाग असेल. ‘द डोअर’ हा नियम काटेकोर पाळतो.

आणखी एक बारकावा. अशा कथांत माहिती हवेतून पैदा होते. भविष्यातून वही आणली, ती बघून लिहिली, आणि तीच पुढे भविष्यात गेली. मग पहिल्यांदा लिहिली कोणी? इथे तसं नाही. ते शब्द मीराचे आहेत, आत्ताचे आहेत, दार धरायचंय म्हणून आलेले आहेत. शब्दांचा उगम सापडतो. फक्त होडोर त्या दारापाशी पोहोचला कसा, याचं कारण गोल फिरून त्याच्यावरच येतं. माझ्या मते लेखकांनी हे फार विचार करून बांधलंय. कल्पना मुळात कादंबरीकार जॉर्ज मार्टिनकडून आली हे मालिकावाल्यांनी सांगितलेलं आहेच.

मात्र यातून माळढोक यांच्याच मुद्द्याला धक्का बसतो. नियम इतका पक्का असेल तर ब्रानला दुसरं काही करता येतच नव्हतं. मग दोष कसा लावणार?

गड्ड्यातला पाळणा
सगळे गणिताचं कौतुक करताय. मला तर या भागापासून मालिका बिघडली असं वाटतं. एकदा ब्रान मागे जाऊन माणसाच्या डोक्यात शिरू शकतो म्हटल्यावर मागची प्रत्येक गोष्ट संशयास्पद झाली. पुढच्या सीझनमध्ये लोकांनी अंदाज बांधले, कथेतल्या जुन्या वेड्या राजाच्या कानातले आवाजही ब्रानचेच वगैरे. आणि लेखकांनी काय केलं? एवढं मोठं हत्यार बाहेर काढलं आणि परत म्यानात घातलं ते घातलंच. याच सहाव्या सीझनच्या दहाव्या भागात ब्रानसोबत वाढलेल्या जॉनचा जन्म दाखवायला भूतकाळ वापरला, पण तिथे ब्रान नुसता बघणारा. नियम एका मरणापुरता आणायचा आणि सोडून द्यायचा, ही लबाडी आहे.

उत्तरकसबा
मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. वर कोणीच न मांडलेली बाजू लिहिते, जरा लांब होईल.

होडोर मला पहिल्या सीझनपासून आवडायचा, कारण तो कोडं नव्हता. वीज कडाडली की घाबरणारा, लहान पोराला पाठीवर घेऊन मैलोन् मैल चालणारा, एकाच शब्दात आनंद, भीती, नकार, सगळं सांगणारा माणूस. अशी माणसं असतात. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने लेबोर्न्य नावाच्या रुग्णाची नोंद केली. त्याला ‘टान’ एवढंच बोलता यायचं. समोरच्याचं बोलणं कळायचं, पण उत्तर ‘टान’. पॅरिसजवळच्या रुग्णालयात तो २१ वर्षं होता आणि सगळे त्याला टानच म्हणायचे. तो गेल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दिसली. कोणी काळातून येऊन हाक मारली नव्हती.

या भागाने काय केलं? होडोरच्या न बोलण्यामागे एक भयंकर गुपित ठेवलं. म्हणजे तो असा आहे त्याला काहीतरी मोठं कारण हवंच. हे मी रोज ऐकते. शाळेत येणाऱ्या आयांना घरचे विचारतात, ग्रहणात काय चिरलंस, गरोदरपणी कुठे गेली होतीस, कोणाचं वाईट चिंतलंस. कितीतरी मुलांच्या बाबतीत डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही, आणि जिथे सापडतं तिथे ते बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडणं, वेळेआधी जन्म, वाढलेली कावीळ असं असतं. आईचा अपराध कुठेच नसतो. तरी ती बाई वर्षानुवर्षं स्वतःलाच कोसत राहते.

त्या भागावर सगळे रडले, मीही रडले. पण विलिसला झटके येतात तेव्हा कॅमेऱ्याला त्याच्यापेक्षा ब्रानचा चेहरा महत्त्वाचा वाटतो. दुःख मालकाचं आणि झटके नोकराचे. त्यामुळे जबाबदार कोण म्हणाल तर मी लेखकांचं नाव घेईन. ब्रान आणि कावळा ही त्यांचीच माणसं.

कडकभाकरी
ताई, मायांचं जे लिहिलंत ते वाचून गप्प बसलो. पण एक विचारतो. होडोर मुळात बोलता-चालता होता हे कळल्यावर लोकांना त्याच्याबद्दल माया वाढली, कमी नाही झाली. आमच्या गल्लीतली पोरं आधी त्याच्या आवाजाची नक्कल करून हसायची. त्या भागानंतर एकानं केली नाही.

उत्तरकसबा
माया वाढली, कारण आधी तो ‘आपल्यासारखा’ होता हे कळलं. तो जन्मापासून तसाच असता तर पोरं हसतच राहिली असती का? मला टोचतं ते हेच.

दत्त चौकातले काका
पोरांनो, मी मालिका मुलाच्या नादाने बघितली. एवढा गहजब का, कळत नाही. आपल्याकडे कंसाची गोष्ट काय आहे? आठवा मुलगा मारणार अशी आकाशवाणी झाली म्हणून त्याने देवकीला कोंडलं, लेकरं मारली, आणि त्याच भीतीतून स्वतःचं मरण ओढवून घेतलं. तरी कंसाला कोणी निर्दोष म्हणत नाही. होणार होतं ते झालं, आणि पापही त्याच्याच नावावर. अपूर्णांक सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं.

भागवताच्या नवव्या स्कंधात रेवतीचा बाप ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटलेली असतात. काळ पुढे धावतो, मागे फिरवून कोणी काही दुरुस्त करत नाही. ही मालिका तेच सांगते.

राहिला होडोर. त्याचं बलिदान मोठं आहे. त्याने दार धरलं म्हणून पुढचं सगळं घडलं. ब्रान शेवटी राजा झाला.

माळढोक
काका, कंसाचा दाखला पटला, माझ्या बाजूचाच आहे. पण ‘बलिदान’ या शब्दाला माझा विरोध आहे, आणि इथे मी उत्तरकसबा ताईंच्या बाजूने जातो.

आपण सोलापूरचे. आपल्या हुतात्मा चौकात ज्या चौघांचे पुतळे आहेत ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये शहरावर मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. इंग्रजांविरुद्ध उभं राहिल्यावर काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं, मागे सरायला वाट होती, आणि ते सरले नाहीत. म्हणून आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. होडोरला कोणती वाट होती? लहानपणीच त्याच्या डोक्यात ते दार ठोकून बसवलं. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याच्या मरणाला बलिदान म्हटलं की मारणारा सुटतो.

राजा झाला म्हणता, तर तेच मला सहन होत नाही. राज्य घेशील का विचारल्यावर तो म्हणतो, नाहीतर मी एवढ्या लांब कशाला आलो? त्या ‘एवढ्या लांब’मध्ये होडोरची पाठ आहे.

दत्त चौकातले काका
चौघांची तुलना मी केली नव्हती, आणि तुझा आदर योग्यच आहे. पण होडोर शेवटी स्वतः उभा नव्हता हे तू कशावरून ठरवलंस? ब्रान अंगात शिरला तो त्याला उठवायला. हाडं बाहेरून दार फोडत होती, अंगावर ओरखडे येत होते, तेव्हा आत ब्रान होता की होडोर, हे मालिकेने स्पष्ट केलेलं नाही. भितरा माणूस शेवटी आपणहून उभा राहिला, असं मला दिसलं. तेवढा मान तरी त्याच्याकडून काढून घेऊ नका.

उत्तरकसबा
काका, हे मात्र मला विचार करायला लावणारं आहे. तो स्वतः उभा असेल तर सगळ्या भागात मला आवडलेली तीच एक गोष्ट ठरेल. पण मग लेखकांनी ते ठळक का दाखवलं नाही? होडोरचा निर्णय दाखवायला दोन सेकंद सापडले नाहीत?

कडकभाकरी
सातव्या सीझनचा चौथा भाग बघा. मीरा निरोप घ्यायला येते, माझा भाऊ, होडोर, तुझा लांडगा समर तुझ्यासाठी मेले म्हणते. ब्रानच्या चेहऱ्यावर रेघ हलत नाही. तेव्हा ती म्हणते, तू त्या गुहेतच मेलास. म्हणजे माळढोक दादा ज्याला शिक्षा द्यायला निघालेत तो पोरगा उरलेलाच नाही. राजा झाला तो कावळा. मी पहिल्यापासून हेच सांगूलालोय.

माळढोक
मग मीराने कोणाला दोष दिला? कावळ्याचं नाव तिने घेतलं नाही. समोर ब्रान होता, त्यालाच सुनावलं.