मदत हवी आहे: ७७० वर ब्लूटूथने नेट लागत नाही (तातडीचे) [जुना धागा, २००६ च्या सुमाराचा; दर आणि सेवा तेव्हाच्या]

वाट_चुकलेला
नोकियाचा ७७० (इंटरनेट टॅब्लेट) अमेरिकेतून मागवला, काल मिळाला. फोनशी पेअरिंग झालं. कनेक्ट केलं की जोडल्याचं चिन्ह येतं, पण साइट एकही उघडत नाही. नुसती पट्टी सरकत राहते आणि शेवटी एरर. सगळं करून पाहिलं. परवा गावी निघायचंय, त्याआधी चालू व्हायला हवं. 'त्यापेक्षा लॅपटॉप घ्या' हा सल्ला कृपया नको.

तारतंत्री
'सगळं' म्हणजे काय काय ते लिहा. फोन कुठला? जीएसएम की सीडीएमए? एपीएन (कनेक्शनमध्ये भरायचं सेवेच्या प्रवेशाचं नाव) काय टाकलाय? ७७० मध्ये सिम बसत नाही, तो तुमच्या फोनचा मोडेम करून वापरतो. त्यासाठी फोनच्या ब्लूटूथमध्ये डायल-अप नेटवर्किंग असावं लागतं. नुसत्या फायली पाठवणारं ब्लूटूथ असेल तर पेअरिंग होतं आणि गाडी तिथेच अडते.

मृणाल_के
हे यंत्र मुळात वाय-फायसाठी आहे, ब्लूटूथची जोडणी ही नड भागवायला. ब्रॉडबँडच्या मोडेमला एक ८०२.११जी वाय-फाय राउटर लावा, सुरक्षेला डब्ल्यूपीए-पीएसके ठेवा (७७० ला चालतं), विषय संपला. डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा ठेवू नका, ते ठेवलं काय आणि न ठेवलं काय.

वाट_चुकलेला
गावी ब्रॉडबँड असतं तर इथे कशाला आलो असतो? फोन नोकिया ६६००, जीएसएम, प्रीपेड. आणि फोनवर नेट व्यवस्थित चालतं, त्यामुळे तिकडे काही अडचण नाही. फोनमध्ये जो एपीएन होता तोच बघून इथे टाकलाय.

तारतंत्री
तिथेच पाणी मुरतंय. फोनवर 'नेट' म्हणजे काय उघडतं? रिंगटोन-वॉलपेपरचं पान उघडत असेल तर तो वॅपचा (फोनपुरत्या छोट्या पानांच्या सेवेचा) एपीएन आहे. वॅपच्या एपीएनला आयपी पत्ता मिळतो, म्हणून ७७० जोडल्याचं दाखवतो. पण पलीकडचा गेटवे फक्त कंपनीच्या प्रॉक्सीकडे (पानं आणून देणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे) जाऊ देतो. फोनच्या ब्राउझरमध्ये तो प्रॉक्सी आधीच भरलेला असतो, ७७० मध्ये नाही. म्हणून पट्टी सरकते आणि पुढे काही नाही.

फोनमध्ये टूल्स, सेटिंग्ज, कनेक्शन, अ‍ॅक्सेस पॉइंट्स इथे जाऊन नाव बघा. तुमच्या सेवेचा इंटरनेटचा एपीएन वेगळा असतो. उदाहरणार्थ एअरटेलचा 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', तर त्यांच्या वॅप पोर्टलचा 'एअरटेलफन डॉट कॉम'. प्रीपेडवर इंटरनेटचा प्लॅन बहुधा वेगळा सुरू करून घ्यावा लागतो.

मग ७७० वर: कंट्रोल पॅनलमध्ये 'फोन' उघडून ६६०० निवडलेला आहे ना ते बघा. 'कनेक्टिव्हिटी'त नवीन कनेक्शन करा, प्रकार पॅकेट डेटा (डेटा कॉल नव्हे, त्याचे मिनिटाला पैसे जातील), एपीएन इंटरनेटचा, डायल नंबर *९९#, नाव आणि पासवर्ड कंपनीने दिले असतील तरच. आणि फोनच्या ब्राउझरची जोडणी आधी बंद करा. ती उघडी राहिली तर ७७० ची जोडणी नाकारली जाऊ शकते.

शेजारचा_बंड्या
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? वॅपचाच एपीएन राहू द्या. त्याच कनेक्शनच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये प्रॉक्सीचा टॅब आहे, तिथे फोनमधला प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट भरा. वॅपचा प्लॅन स्वस्त, साइटही उघडतात.

तारतंत्री
साइट उघडतील, मेल नाही. एचटीटीपी प्रॉक्सी फक्त वेबपानांचा, मेल उतरवणाऱ्या पॉप३ ला उपयोगाचा नाही, इंटरनेट रेडिओचंही तेच. शिवाय वॅपच्या प्लॅनवर टॅब्लेट चालवायला कंपनीच्या अटींत मनाई असू शकते. बिल आलं की मग इथे नवीन धागा काढावा लागेल.

शेजारचा_बंड्या
प्रीपेडला बिल येतं का हो?

तारतंत्री
बॅलन्स तर जातो? दहा केबीला दहा पैसे दर धरा. वर्तमानपत्राचं मुखपृष्ठ सहज ३०० केबीचं, म्हणजे तीन रुपये. ६६०० मध्ये एज (वेगवान जीपीआरएस) नाही, साधा जीपीआरएस. ४० केबीपीएस मिळाले तरी त्याच पानाला एक मिनिट लागणार. म्हणून ७७० च्या ब्राउझरमध्ये चित्रं बंद ठेवा.

अटकेपार_अण्णा
प्रश्न सोडून बोलतो, पण कुणीतरी बोलायलाच हवं. ३६० डॉलरचं यंत्र आणि त्यात डायरी नाही, अपॉइंटमेंट नाहीत. पाम टीएक्स हा खिशातला संगणक २९९ ला मिळतो, त्यात हे सगळं आहे, वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे.

मृणाल_के
टीएक्सचा पडदा ३२०×४८०. बहुतेक साइट ८०० रुंदीवर बेतलेल्या असतात, त्या टीएक्सवर आडव्या सरकवत वाचायच्या. ७७० चा ८००×४८० आणि तोही सव्वाचार इंचांच्या आत, इंचाला २२५ ठिपके. पान आहे तसं बसतं. अक्षर बारीक वाटलं तर वरच्या कडेला झूमची बटणं आहेत, मधलं बटण पान पूर्ण पडदाभर करतं. डायरी हवी त्याने वही घ्यावी.

अटकेपार_अण्णा
पान बसतं हो, पण बसेपर्यंत चहा होतो. २५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा ओमॅप प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम. जड पानांच्या तीन खिडक्या उघडल्या की तो हाय खातो.

मृणाल_के
रॅमचं मान्य, ती कंजुषी नडते. आत १२८ एमबी फ्लॅश आहे, पण ती साठवणुकीची, रॅम नव्हे. उपाय एवढाच की एका वेळी एकच खिडकी, फ्लॅश प्लग-इन बंद (तसाही तो जुना ६ आहे), आणि मेल, रेडिओ वापरात नसतील तेव्हा पूर्ण बंद करा, नुसते मागे ढकलू नका.

वाट_चुकलेला
माझा धागा आहे हो हा. एपीएन बदलला. आता जोडल्याचं चिन्हही येत नाही, आधी निदान ते तरी येत होतं!

तारतंत्री
चांगली खूण आहे. म्हणजे नेटवर्क तो एपीएन तुमच्या सिमला देत नाहीये, प्लॅन सुरू नाही. ग्राहक सेवेला फोन करून 'जीपीआरएस इंटरनेट' असे शब्द वापरा. नुसतं 'जीपीआरएस' म्हणालात तर पुन्हा वॅपच सुरू करून देतील. एसएमएसने सेटिंग आली तर ती ६६०० मध्ये जाईल, ७७० मध्ये हातानेच भरायची. सुरू झाल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा.

ळकारान्त
यावर मराठी दिसतं का?

मृणाल_के
मुळात देवनागरी फॉन्ट नाही, त्यामुळे चौकोन. फॉन्ट घालणं हा अर्धाच उपाय. जोडाक्षरं जुळणं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे जाऊन बसणं हे ब्राउझरच्या अक्षरजुळणीचं काम, नुसत्या फॉन्टचं नाही. आणि ज्या वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नाहीत, स्वतःचा फॉन्ट आपोआप उतरवतात, त्यांचं नावच नको. ती सोय फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळते.

कोपऱ्यातली_पाटी
कुणी विचारलं नाही तरी सांगते. गावी जाताय ना? ७७० यूएसबीवरून चार्ज होत नाही, ती केबल फक्त फायलींसाठी. त्याची चार्जरची पिन २ मिमीची, बारीक. ६६०० ची ३.५ मिमीची, जाड. एकाचा चार्जर दुसऱ्याला थेट लागत नाही. जाड पिनेचा चार्जर बारीक भोकाला जोडणारा सीए-४४ नावाचा छोटा जोड मिळतो, तो घेतला तर फोनच्याच चार्जरवर दोन्ही भागतात. अमेरिकेतला चार्जर २३० व्होल्टला चालतो, फक्त चपट्या पात्यांसाठी कन्व्हर्टर पिन लागेल. पण चार्जरवर १००-२४० लिहिलंय ना, ते वाचून मगच लावा.

मेमरी कार्डही बघून घ्या. लहान आकाराचं आरएस-एमएमसी, तेही ड्युअल व्होल्टेज. दुकानदार साधं एसडी पुढे करेल, ते बसणारच नाही. संगणकाला जोडल्यावर फक्त हे कार्ड दिसतं, आतली मेमरी नाही. डब्यातलं ६४ एमबीचं कार्ड गाण्यांना अपुरं.

शेजारचा_बंड्या
बॅटरी किती टिकते?

कोपऱ्यातली_पाटी
१५०० एमएएचची आहे. कंपनी ब्राउझिंगला तीन तास सांगते. धातूचं झाकण पडद्यावर सरकवलं की यंत्र झोपतं, झाकणात चुंबक आहे. नुसतं पिशवीत टाकलं आणि झाकण मागेच राहिलं तर पडद्यावर ओरखडे, बॅटरीही उतरणार.

वाट_चुकलेला
लागलं! तारतंत्री म्हणाले तेच, इंटरनेटचा प्लॅन सुरूच नव्हता. फोन बंद-चालू केल्यावर पहिल्या फटक्यात जोडलं. चित्रं बंद केली आहेत. मेलही उतरतोय. जोड कुठे मिळेल, दादरला की लॅमिंग्टन रोडला?

अटकेपार_अण्णा
टीएक्सला हे सगळं करावं लागलं नसतं.

तारतंत्री
टीएक्सलाही एपीएन हाच टाकावा लागला असता, अण्णा.

नवा_सभासद_७
धागा पूर्ण वाचला नाही, पण आधी ब्लूटूथ पेअरिंग केलंय का ते बघा.