जुने संगणक: जपायचे की भंगारात? (सांगलीपुरतं बोला)

कृष्णाकाठचा
गणपती पेठेजवळचा एक जुना छापखाना बंद होतोय. मालक ओळखीचे. म्हणाले, हवं ते उचल, बाकीचं भंगारवाला नेईल. माळ्यावर एक ४८६ (नव्वदच्या दशकातला पीसी), डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे डबे निघाले. लेबलांवर बॉलपेननं लिहिलंय: 'लग्नपत्रिका वैशाख', 'पतसंस्था अहवाल', 'स्मरणिका फायनल २'.

आपल्याकडं संगणकाचा इतिहास म्हटलं की कोलकात्यात १९५५ला आलेलं एचईसी-२एम हे यंत्र, टीआयएफआर या संशोधन संस्थेनं मुंबईत बांधलेला टिफ्रॅक संगणक, १९७८ला आयबीएम कंपनीचं भारतातून जाणं आणि पुण्याचा १९९१चा परम ८००० महासंगणक. सगळं मोठ्या संस्थांचं. सांगली-मिरजेच्या माणसानं संगणक जवळून बघितला तो डीटीपीच्या दुकानात, नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात काचेच्या केबिनमध्ये, चपला बाहेर काढून. ते कोण लिहून ठेवणार? माझं मत असं की एखाद्या कॉलेजनं नाहीतर ग्रंथालयानं एक खोली द्यावी आणि ही यंत्रं चालू अवस्थेत ठेवावीत. बोला.

रोखठोक मिरजकर
असहमत. २०१९च्या महापुरात पुस्तकांचा लगदा झालेला आपण बघितलाय, तिथं तुमच्या ४८६ला वरचा मजला कोण देणार? जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तेही वारसा म्हणून साठवायचं का? डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट आहे; डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीचे बहुतेक प्रोग्राम आजच्या लॅपटॉपवर चालतात. एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टनं २०१४लाच कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममार्फत खुला केलाय. इतिहास कोडमध्ये आहे, पत्र्याच्या डब्यात नाही. बाकी उद्घाटनाला पाहुणे येतील, फोटो निघतील आणि वर्षभरात खोलीला कुलूप.

विश्रामबाग रिपेअर
कुलपाचं खरंय. पण कृष्णाकाठदादा, वाद नंतर, आधी तो ४८६ चालू करायच्या भानगडीत पडू नका. झाकण उघडून मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी, नळकांड्यासारखी बॅटरी दिसते का बघा. निकेल-कॅडमियमची असते ती. इतक्या वर्षांत पाझरली असणार. हिरवट-पांढरा थर दिसेल, तो आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खातो. बॅटरी कापून काढा, जागा व्हिनेगरनं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं.

फ्लॉपीचं झडप नसलेलं तोंड उजेडात धरा. बुरशीचे ठिपके असले तर तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड बरबटतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात. खोलीचं राहू द्या, आधी फ्लॉप्यांच्या इमेज, म्हणजे जशाच्या तशा प्रती, नव्या संगणकावर काढा. ४८६ दुसरा मिळेल, फ्लॉपीवरचा थर सुटला की संपलं.

जुनी डीटीपीवाली
मिरजकर, डॉसबॉक्सनं यातलं निम्मंही भागणार नाही. तेव्हाचं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षर-संकेतात, नव्हतं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले. अर्धा श एका कळीवर, काना दुसरीवर, रफार भलतीकडंच. आज फाइल उघडलीत तर रोमन अक्षरं आणि डॉलरच्या खुणांची भेळ. वर सॉफ्टवेअरला डोंगल लागायचं, म्हणजे किल्लीसारखी छोटी डबी, प्रिंटरच्या पोर्टला लावायची. ते नसलं की प्रोग्राम उघडायचाच नाही. आमचे मालक रात्री ते काढून गल्ल्यात कुलूप घालायचे. भारतीय लिप्यांसाठी इस्की या संकेताचं प्रमाण १९९१ला आलं, पीसीवर भारतीय भाषा चालवणारी सीडॅकची जिस्ट कार्डं होती, युनिकोडची देवनागरीही इस्कीवरूनच बेतली. पण छापखान्यांत राज्य फॉन्टवाल्यांचंच.

म्हणून दादा, तिथून छापील नमुनेही उचला. 'स्मरणिका फायनल २'ची फ्लॉपी आणि छापलेली स्मरणिका शेजारी ठेवली की कुठल्या खुणेला कुठलं अक्षर ते डोंगलशिवायही जुळवता येतं. भंगारवाला रद्दी पहिली नेतो, लक्षात ठेवा.

तिरकस
आणि 'पतसंस्था अहवाल'मध्ये थकबाकीदारांची यादी निघाली तर? कुणाला विचारून उघडणार?

कृष्णाकाठचा
तशा फ्लॉप्या बाजूला ठेवतो, हे पटलं. लग्नपत्रिका मात्र गावभर वाटलेली असते, तिचं काय गुपित!

ताई, नमुन्यांचं लगेच सांगतो त्यांना.

मिरजकर, इंग्लंडात ब्लेचली पार्कमधली, शत्रूचे संदेश फोडणारी कोलोसस यंत्रं दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक मोडून टाकली. पुढं टोनी सेल या अभियंत्यानं आणि मंडळींनी जुने फोटो, अभियंत्यांनी जपलेले कागद आणि आठवणी यांवरून एक पुन्हा बांधलं, त्यात वर्षं गेली. बीबीसीनं १९८६ला इंग्लंडातल्या जुन्या 'डोम्सडे' या जमीन-पाहणीच्या धर्तीवर डोम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर केला, पंधराएक वर्षांत ती वाचायला यंत्र मिळणं मुश्किल झालं. त्या पाहणीची १०८६ची चामड्यावरची मूळ नोंद आजही वाचता येते. नुसता कोड ठेवून भागतं कुठं?

रोखठोक मिरजकर
डोम्सडे तर माझ्या बाजूचं उदाहरण झालं. मजकूर वेळेवर दुसरीकडं हलवला असता तर कुणाला यंत्र शोधायची वेळच आली नसती. ताईंचा मुद्दा मान्य, म्हणजे एक चालू मशीन आणि एक डोंगल पुरे. खोली कशाला? आणि कोलोससनं जर्मनांचे संदेश फोडले, तुमच्या ४८६नं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापलं.

जुनी डीटीपीवाली
कोलोसस सांभाळायला इंग्रज आहेत की. 'यायचं हं' आपण नाही तर कोण सांभाळणार?

वारणेकडचा
१९९८ला वारणानगर परिसरात कोल्हापूर-सांगलीच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं निघाली होती, ऊसवाल्याला त्याची माहिती गावातच मिळावी म्हणून. त्या प्रोग्रामच्या सीड्या, पडद्यांचे फोटो कुणाकडं आहेत का? केंद्रं चालवणारी पोरं आता पन्नाशीला आलीत. मशीन राहू दे, त्यांना चहाला बोलवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. हे उद्यापासून होतं, खोली लागत नाही.

हळदअडत
प्रिंटर नऊ पिनी आहे की चोवीस पिनी? नऊ पिनी असला तर भंगारातही देऊ नका आणि काचेतही ठेवू नका, मला द्या. आमच्या पावत्या अजून कार्बनवरच निघतात, लेझरचा ठसा खालच्या कागदावर उठत नाही. सीझन तोंडावर आहे.