पावसाची वही : आमच्या भूगोलाच्या सरांच्या आठवणी

सर गेले त्याला आता महिना होईल. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्यांनी १९७५ ते २००६ भूगोल शिकवला आणि त्या सगळ्या वर्षांत आवारातल्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस मुलांकडून मोजून घेतला. दहाव्याला घरी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरून वह्या खाली काढल्या. वर्षाला एक. बत्तीस हव्या होत्या, एकतीस भरल्या. १९८६ ची नाही. चाळायला घेतल्या तर पानापानावर आपल्यापैकी कुणाचं तरी अक्षर. म्हणून हा धागा.

ज्याला जे आठवेल ते लिहा. 'सर देवमाणूस होते' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. सरांनी लगेच विचारलं असतं, "कशावरून?"

सुरुवात मीच करतो.

दहावी १९८८

ज्यांनी तो पर्जन्यमापक पाहिला नाही त्यांच्यासाठी: पत्र्याचं नळकांडं, वर पाच इंची नरसाळं, आत काचेची बाटली. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून फूटभर वर, नाहीतर आपटून उडालेलं पाणी आत जातं. शाळा अकराची, पण ज्याची 'पावसाची पाळी' असेल त्यानं साडेआठला हजर व्हायचं, कारण देशभर पाऊस साडेआठलाच मोजतात. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, ते डोळ्यांच्या रेषेत धरायचं, काचेला चढलेली कड सोडून मधला खोलगट भाग वाचायचा, वहीत लिहायचं, सही करायची.

जुलैतल्या एका सकाळी मी गेलोच नाही. असा कोसळत होता की आई म्हणाली, कुठे भिजत जातोस. अकराला शाळेत पोचल्यावर अंदाजानं ६२ मिलिमीटर ठोकून दिले. दुसऱ्या दिवशीच्या पाळीवाल्याला बाटली काठोकाठ आणि बाहेरच्या डब्यातही पाणी मिळालं. बेरीज १३७. सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि मला बोलावलं.

"काल बाटली किती भरली होती?"

"अर्धी, सर."

"बासष्टला ती पाऊण भरते."

बस, एवढंच. ओरडले नाहीत, मारलं नाही. लाल शाईनं माझा आकडा खोडला आणि पुढे लिहिलं, 'नोंद नाही'. मी आपलं सुचवलं, सर, शून्य लिहा ना. तेव्हा मात्र वर बघितलं. "शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. पाऊस पडला होता. तू नव्हतास."

आता एका औषध कंपनीत तपासणीच्या नोंदी बघतो. रिकाम्या रकान्यात कुणी शून्य भरलेलं दिसलं की माझे कान आपोआप तापतात. परवा ते पान बघितलं. शाई अजून लालच आहे.

दहावी १९९२, सध्या पुणे

पावसाच्या पाळीत मुली नव्हत्या, हे कुणाला आठवतंय का? मला आठवतंय, कारण मी भांडले होते. सर म्हणाले, सकाळी एवढ्या पावसात मुलींना कसं बोलावू, घरचे मला जाब विचारतील. मी म्हटलं, याच पावसात आम्ही सहाला विहिरीवर जातो, तेव्हा कुणी जाब विचारत नाही. गप्प झाले. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी फळ्यावरच्या यादीत माझं नाव, आणि खाली आणखी सहा जणींची. सर चुकले होते ते त्यांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही. यादी बदलली. माझ्या लेखी तेवढं पुरे.

दहावी १९८३, अलोरे कॉलनी

आम्ही प्रकल्पातली मुलं. वडील कोयनेच्या वीजघरात पाळीवर. सरांनी एकदा वर्गात विचारलं, आपल्याकडच्या बाकीच्या नद्या एप्रिल-मेमध्ये आटतात, मग वाशिष्ठीला पाणी कुठून? कुणी म्हणालं झरे, कुणी म्हणालं देवाची कृपा. उत्तर आमच्या कॉलनीतच होतं आणि मला माहीत नव्हतं! कोयना घाटावरची. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळणार आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाणार. धरणानं अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून इकडे पोफळीला उतरवलं, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे पूर्वेच्या समुद्राचं पाणी आपल्या दारावरून अरबी समुद्राला चाललंय. सर म्हणाले, "बाबांना विचार, मशिनं किती वाजता जोरात चालतात." मग आम्ही चौघांनी नदीतल्या एका कातळावर रंगाच्या रेघा मारल्या आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघत बसलो. गावागावांत दिवे लागले की नदी चढायची.

एरवी वडील घरी फारसं बोलत नसत. त्या आठवड्यात रोज बोलले.

दहावी २००१

भारताच्या नकाशात श्रीलंका काढली नाही म्हणून माझा अर्धा मार्क कापला. श्रीलंका भारतात नाही, असं मी म्हटलं. "समुद्र तरी कुठे भारतात आहे, तो रंगवलास ना?" अजूनही पटलेलं नाही.

दहावी १९७९

सगळे गोड लिहितायत, म्हणून मी जरा वेगळं लिहितो. आमच्या वेळी सर मारायचे. लाकडी फूटपट्टी उभी धरून, बोटांच्या पेरांवर. माझ्या शेजारच्या मुलानं त्यापायी शाळा सोडली. निदान मला तरी तसंच वाटतं, बाकीची कारणंही असतील. पुढे सर निवळले म्हणतात, तुमच्या नशिबात ते निवळलेले आले. निवृत्तीनंतर एकदा एसटी स्टँडवर भेटले. मी मुद्दाम विषय काढला. म्हणाले, "त्याचं मला वाईट वाटतं. त्याच्या घरी जाऊन आलो होतो. तो भेटला नाही." पुढे आम्ही दोघंही गप्प, तोवर गुहागर गाडी लागली. मी त्यांना माफ केलंय की नाही, मला सांगता येत नाही. दहाव्याला मात्र गेलो होतो.

नववी नापास, १९९३

मी दहावीपर्यंत पोचलोच नाही, तरी लिहितो. तेव्हा कोकण रेल्वेचं काम चालू होतं. सर आम्हाला कापलेला डोंगर दाखवायला घेऊन गेले. वर जांभा, त्याखाली पिवळट-पांढरी चिकण माती, तळाला काळा पाषाण. म्हणाले, जांभ्यातून पाणी झिरपतं, मातीशी अडतं, मग माती साबणासारखी होते आणि वरचं सगळं घेऊन खाली येते. मी जेसीबी चालवतो, वीस वर्षं झाली. घाटात रस्त्याचं काम असलं की बकेट लावायच्या आधी उतरून कापाकडे बघतो. मधला थर ओला दिसला की मशीन मागे. मुकादम शिव्या घालतो. एकदा मशीन मागे घेतलं आणि चहा पिऊन होईपर्यंत दरड खाली. तेव्हापासून तो पण आधी मलाच विचारतो.

सरांना हे सांगायचं राहिलं.

शाळेचा विद्यार्थी नाही, तरी

आम्ही मुंबईकर चाकरमान्यांची पोरं, मे महिन्यात मामाकडे. सुट्टीतही हे सर गावभर निरोप धाडायचे: दहा मेला बाराच्या आत शाळेत या. ऐन आंब्याच्या दिवसांत! मैदानात एक बाटली उभी करायचे. साडेबाराच्या सुमाराला तिची सावली आखडत आखडत बुडाखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दहा-बारा पोरं वाकून बघत होतो, आमच्याही सावल्या पायाखाली. मी विचारलं, मुंबईला कधी? "पाचेक दिवसांनी. सूर्य अजून वर सरकतोय." ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत डोक्यावर येतो म्हणाले, पण तेव्हा कोकणात सूर्य दाखवा आणि बक्षीस न्या.

दहावी २००६, शेवटची तुकडी

२६ जुलै २००५ ला पाळी माझी होती. चिपळूण बुडालं होतं, आमची शाळा उंचावर म्हणून वाचली. सर रात्रभर शाळेतच. दर तासाला कंदील घेऊन बाहेर जायचे, बाटली ओतून मोजायचे, फळ्यावर खडूनं लिहायचे. सकाळी मी गेलो तर फळ्यावर आकड्यांची उतरंड. बेरीज मला करायला लावली, सही मला करायला लावली. मी म्हटलं, सर, मोजलं तुम्ही. मग माझ्या सहीखाली त्यांनी आपली केली. बत्तीस वर्षांत वहीत त्यांची सही तेवढी एकच असेल. तपासून सांगाल का?

(तपासलं. एकच आहे.)

सरांची सून

मी विद्यार्थिनी नाही, पण लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात मला मोजपात्र वाचायला शिकवलं होतं. निवृत्तीनंतर बाबांनी मागच्या अंगणात दुसरा पर्जन्यमापक बसवला होता. २०२१ च्या पुरात तो वाहून गेला. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पाणी ओसरल्यावर आधी चिखल काढू म्हटलं, तर बाबा पत्र्याच्या कामवाल्याकडे नवीन नळकांडं सांगून आलेले. बाबा गेले ते तीन दिवस घरात कुणाला भान नव्हतं. चौथ्या दिवशी वही उघडली. तीन रकान्यांत 'नोंद नाही' लिहिलं. बाटली ओतली. चारही दिवसांचे मिळून ४१ मिलिमीटर.

दहावी १९८७

१९८६ ची वही माझ्याकडे आहे. गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी तक्ता करायला म्हणून घरी आणली आणि परत करायची राहून गेली. सरांनी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा 'मला माहीत नाही' म्हणालो. आत्ता ट्रंकेतून काढली. शेवटची दहा पानं वाळवीनं खाल्लीत, जून ते ऑगस्ट शाबूत आहे. येत्या रविवारी घेऊन येतो. वहिनी, सकाळी साडेआठला आलो तर चालेल का?