आजीच्या पहिल्या स्मृतिदिनी काय सांगावे?

प्रश्न (नाशिक रोड): माझ्या आजीने आयुष्यभर परिचारिका घडवल्या आणि पहाटेची मिस्सा (चर्चमधील प्रार्थनाविधी) क्वचितच चुकवली. येत्या १२ मे रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी पाळल्या जाणाऱ्या परिचारिका दिनीच, तिचा पहिला स्मृतिदिन आहे. मिस्सेनंतर मला दोन शब्द बोलायचे आहेत. पण तिची श्रद्धा आणि तिचे शिकवणे वेगवेगळे कसे मांडावे, हे कळत नाही.

उत्तर १: वेगळे मांडूच नका. मी बाईंची विद्यार्थिनी. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेली त्यांना मुळीच चालत नसे. मनगटावर तीन बोटे टेकवून, अंगठा दूर ठेवून (अंगठ्याला स्वतःचेच ठोके जाणवतात), त्या पूर्ण मिनिटभर मोजायला लावत आणि म्हणत, "निदान तेवढा वेळ तरी रुग्णाचा हात कुणीतरी धरलेला असतो." हे जरूर सांगा.

उत्तर २: फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला चालत आलेल्या भाविकांच्या पायांचे फोड तुमच्या आजी चर्चच्या आवारात बसून धूत असत, जपमाळ तेवढ्यापुरती मनगटाला गुंडाळलेली असे. मी ते पाहिले आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. ती जपमाळ माझ्याकडेच आहे. क्रुसाजवळचा पहिला मणी पार झिजला आहे.