युरो हॉकी लीगचा पहिला हंगाम (2007-08): आजची हॉकी तिथेच ठरली का?

खडकीकर

मे 2008 मध्ये रॉटरडॅम येथे युएचसी हॅम्बुर्गने यजमान एचसी रॉटरडॅमला 1-0 असे हरवून युरो हॉकी लीगचे पहिले विजेतेपद पटकावले. युरोपातील चोवीस क्लब, तिघातिघांचे आठ गट, विजयाला 5 गुण, बरोबरीला 2 आणि थोडक्यात हरणाऱ्यालाही 1 गुण अशी त्या स्पर्धेची घडण होती. विजेता कोण हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मला स्वतःला महत्त्वाचे वाटतात ते त्या हंगामात वापरलेले नियम. सामना दोन अर्धांऐवजी साडेसतरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळला गेला, आणि फ्री हिट, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा फटका, घेणाऱ्याला चेंडू दुसऱ्याकडे न देता स्वतःच पुढे नेण्याची, म्हणजे सेल्फ पासची, मुभा मिळाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2009 मध्ये सेल्फ पास नियमपुस्तकात घेतला आणि सप्टेंबर 2014 पासून पंधरा मिनिटांची चार सत्रे लागू केली. राष्ट्रीय संघांच्या स्पर्धांना जे धाडस झाले नाही ते एका क्लब स्पर्धेने केले, आणि ते योग्यच केले, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

सत्तर मिनिटे

खडकीकर यांनी वस्तुस्थिती नेमकी मांडली आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. पस्तीस मिनिटांच्या अर्धात एक चढण असे. पंचविसाव्या मिनिटानंतर बचावपटूंचे पाय जड होत, मधल्या फळीतील अंतरे वाढत, आणि ज्याच्या अंगात दम शिल्लक असे तो आघाडीपटू तिथे सामना फिरवी. चार सत्रांनी ही चढणच सपाट केली. दर पंधरा मिनिटांनी प्रशिक्षक सर्वांना गोळा करतो, फळ्यावर बाण काढतो आणि प्रतिस्पर्ध्याची लय मोडतो. जाहिरातींना जागा हवी होती हे उघड आहे. त्या सोयीला खेळाची सुधारणा म्हणू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. रॉटरडॅमच्या त्या अंतिम सामन्याच्या दोनच महिने आधी, मार्च 2008 मध्ये, चिलीतील सँटियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून 0-2 असा पराभव पत्करून आपण बीजिंग ऑलिंपिकची पात्रता गमावली होती. 1928 पासून ऑलिंपिक हॉकीत सातत्याने खेळणारा देश प्रथमच बाहेर राहिला, आणि नेमक्या त्याच हंगामात या खेळाचे पुढचे नियम हॉलंड-जर्मनीच्या क्लबांच्या मैदानांवर घासूनपुसून पाहिले जात होते. ज्यांच्या सोयीने नियम ठरतात त्यांनाच ते आधी अंगवळणी पडतात.

डावी बगल

'सत्तर मिनिटे' यांना एक दुरुस्ती सुचवतो. चार सत्रे ही युरोपची देणगी नव्हेच. जानेवारी 2005 मध्ये हैदराबादच्या गचीबावली मैदानावर प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा तिथे साडेसतरा मिनिटांचीच चार सत्रे होती, शिवाय प्रशिक्षकांना टाइमआउटही होता. आपले धनराज पिल्ले मराठा वॉरियर्सकडून त्याच नियमांखाली खेळले. म्हणजे हा प्रयोग आपल्या अंगणात आधी झाला. आपण तो टिकवला नाही. ती लीग 2008 मध्ये बंद पडली, आणि प्रयोगाचे श्रेय ज्यांची लीग चालू राहिली त्यांच्या पदरात पडले. तेव्हा परक्यांनी नियम लादले ही तक्रार या एका मुद्द्यापुरती तरी टिकत नाही.

शिट्टीवाला

मी पंधरा वर्षे जिल्हा पातळीवर पंचगिरी केली आहे, म्हणून केवळ सेल्फ पासविषयी बोलतो.

जुन्या पद्धतीत फ्री हिटची शिट्टी वाजली की खेळ मरत असे. मारणारा चेंडूवर काठी टेकवून उभा राही, कोण मोकळा आहे ते शोधी, आणि तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी अकराच्या अकरा जण आपापल्या जागी परतत. फाऊल करणाऱ्याचाच त्यात फायदा होता. मधल्या फळीत मुद्दाम काठी घालून चढाई तोडायची आणि त्या बदल्यात दहा सेकंद विकत घ्यायचे, हा तेव्हाचा राजमार्ग होता. सेल्फ पासने तो बंद केला. ज्याला पाडले तोच उठून चेंडू घेऊन पळतो, आणि ज्याने पाच मीटर मागे हटायला हवे होते तो अजून पंचाशी हुज्जत घालत असतो.

नियम पुस्तकात आला त्याच्या आसपासची गोष्ट. एका शालेय सामन्यात एका मुलाने फ्री हिट स्वतःच पुढे ढकलली आणि तो धावत सुटला. मी शिट्टी वाजवून चेंडू विरुद्ध संघाला दिला. तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, टीव्हीवर आता असंच खेळतात." संध्याकाळी घरी जाऊन नवा नियम वाचला, तेव्हा तो बरोबर होता. सामना त्याचा संघ एका गोलने हरला होता. त्या शिट्टीची बोचणी मला आजही आहे, परंतु नियम चांगला होता याबद्दल तिळमात्र शंका नाही.

सत्तर मिनिटे

शिट्टीवाला यांचा अनुभव मोलाचा आहे आणि सेल्फ पासबाबत मी माघार घेतो. 'डावी बगल' यांची दुरुस्तीही मान्य. पण भारतात आधी झाले म्हणून चार सत्रे चांगली ठरत नाहीत.

माझा खरा राग शूटआउटवर आहे. या लीगने ती पद्धत रुळवली आणि 2011 च्या सुमारास ती पेनल्टी स्ट्रोकच्या जागी सर्वत्र आली. तेवीस मीटर रेषेवरून एकटा खेळाडू, समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद. बघायला छान, यात वाद नाही. पण साठ मिनिटे अकरा जणांनी मिळून खेळलेल्या सामन्याचा निकाल अशा प्रसंगावर लावायचा जो प्रत्यक्ष सामन्यात जवळजवळ कधीच उद्भवत नाही, कारण तिथे मागून बचावपटू येतच असतो. 2016 मध्ये लंडनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत आणि 2018 मध्ये ब्रेडा येथे आपण ऑस्ट्रेलियाला अंतिम सामन्यात बरोबरीत रोखले आणि दोन्ही वेळा शूटआउटमध्ये 1-3 असे हरलो.

खडकीकर

मग 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पाकिस्तानवर शूटआउटमध्ये 4-2 अशी मात करून मिळवलेले सुवर्णपदक कोणत्या खात्यात मांडायचे? पेनल्टी स्ट्रोकमध्ये गोलरक्षक रेषेला खिळलेला असतो आणि सहा मीटर चाळीसवरून आलेला चेंडू बहुतेक वेळा केवळ पाहतो. शूटआउटमध्ये तो पुढे येतो, कोन लहान करतो, आघाडीपटूला उलट्या काठीवर जायला भाग पाडतो, आडवा पडतो, पुन्हा उठतो. गोलरक्षकाच्या कौशल्याला वाव देणारी ही पद्धत अधिक न्याय्य आहे.

पॅरिसचा 4 ऑगस्ट 2024 चा उपांत्यपूर्व सामना आठवावा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सर्व वेळ आपण ग्रेट ब्रिटनविरुद्ध दहा जणांनिशी खेळलो. 1-1 अशी बरोबरी टिकली, गोलरक्षक श्रीजेश उभा राहिला आणि शूटआउट आपण 4-2 असा जिंकला. मध्यंतर आणि तिसऱ्या सत्रानंतरची विश्रांती त्या दहा जणांना मिळाली नसती तर काय झाले असते, याचा विचार 'सत्तर मिनिटे' यांनी अवश्य करावा.

सत्तर मिनिटे

विचार केला. ती विश्रांती ब्रिटनच्या अकरा जणांनाही मिळाली होती! शिवाय ते लाल कार्ड व्हिडिओ पाहून दिले गेले; मैदानावरच्या पंचाच्या नजरेवर निर्णय राहिला असता तर कदाचित दहा जणांनी खेळण्याची वेळच आली नसती.

डावी बगल

दोघांच्याही नजरेतून एक प्रयोग निसटला आहे. हॉकी इंडिया लीगने 2016 मध्ये मैदानी गोलाला, म्हणजे चालू खेळात केलेल्या गोलाला, दोन गोलांची किंमत दिली. त्या वर्षी रांचीच्या अंतिम सामन्यात पंजाब वॉरियर्सने कलिंगा लान्सर्सला 6-1 असे हरवले, पण पंजाबच्या खेळाडूंनी चेंडू जाळ्यात घातला होता तीनच वेळा. सेल्फ पासने खेळाडूंचे वागणे बदलले. या नियमाने मुख्यतः फलक बदलला. कलिंगाने पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलाजवळच्या फाऊलबद्दल मिळणाऱ्या ठरावीक संधीवर, एक गोल केला तेव्हा त्यांना एकच मिळाला, आणि वर्षभर ड्रॅगफ्लिकचा, म्हणजे कॉर्नरवर चेंडू काठीने ओढत गोलात भिरकावण्याचा, सराव करणाऱ्या खेळाडूची मेहनत निम्म्या भावाने मोजली गेली. म्हणून प्रत्येक लीगला प्रयोगशाळा म्हणून डोक्यावर घेण्याआधी, नियम खेळाडूच्या पायांना काही नवे करायला लावतो की केवळ गणित बदलतो, हे तपासावे.

शिट्टीवाला

गणिताच्या नियमांबद्दल सहमत. मात्र दुप्पट गोलाच्या काळात 'डी'मध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, बचावपटूच्या पायाला चेंडू लावून कॉर्नर मिळवण्याऐवजी सरळ गोलावर मारण्याची ओढ निश्चितच वाढली होती, तेव्हा वागणे अगदीच बदलले नाही असे म्हणता येणार नाही. पंच म्हणून सांगतो, पायाला लागलेल्या चेंडूसाठी हात वर करून माझ्याकडे धावत येणारे आघाडीपटू कमी व्हावेत म्हणून मी आणखी दोन हंगाम तो नियम सोसला असता.